मथीची तक्रार

नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावच्या शाळेत एक गुरुजी होते. त्यांच्या मुलांचे पाढे चोख, अक्षर वळणदार. गुरुजी वर्गात आले की पोरं चिडीचूप! या शिस्तीचा गुरुजींना फार अभिमान.

त्या वर्गात कोळ्याची मथी होती. ती येऊन बसली की पोरं नाक दाबायची, आपापली बस्करं लांब सरकवायची. "मासळी आली गं बाई!" असं विणकराची चंद्री म्हणायची आणि सगळी खुसुखुसु हसायची.

एकदा मथी गुरुजींकडे गेली. "गुरुजी, मला सगळे चिडवतात. माझ्याजवळ कुणी बसत नाही."

गुरुजी पाट्या तपासत होते. मान वर न करता म्हणाले, "चिडवलं म्हणून अंगाला भोकं पडतात का? दुर्लक्ष करायचं. जा, सतराचा पाढा पाठ कर."

मथीनं पाढा पाठ केला. पुन्हा तक्रार केली नाही. हळूहळू ती बोलेनाशीच झाली. पोरगी शहाणी झाली, असं गुरुजींना वाटलं.

एके दिवशी मधल्या सुट्टीत चंद्रीनं मथीची भाकरी हुंगली, तोंड वाकडं केलं आणि भाकरी उकिरड्यावर भिरकावली. सगळे हसले. मथी ताडकन उठली. तिनं चंद्रीला शाळेच्या दगडी पायऱ्यांवरून ढकलून दिलं.

किंकाळी ऐकून गुरुजी धावत आले. चंद्रीचा पाय मोडला होता. वैद्यानं फळ्या बांधल्या, पण हाड वाकडंच जुळलं. पोर जन्माची लंगडी झाली.

"अगं, एवढा राग मनात होता तर मला सांगायचं नाही का?" गुरुजी मथीवर ओरडले.

मथी म्हणाली, "सांगितलं होतं की, गुरुजी."



गावानं कोळ्याला बोल लावला. त्यानं मथीला शाळेतून काढलं. गुरुजी तिच्या खोपटात गेले. मथी फाटकं जाळं सांधत होती.

"पोरी, चुकलं माझं. परत ये शाळेत."

"मी आले तर चंद्रीचा पाय बरा होईल का?" तिनं विचारलं. गुरुजी तसेच परतले.

तेव्हापासून रोज सकाळी पाढ्यांच्या आधी गुरुजी मुलांना गोल करून बसवू लागले. कुणाला काय खुपतंय ते विचारू लागले. राग आला तर तो तोंडानं कसा सांगायचा, कुणी कुणाला छळत असेल तर हसायचं सोडून "पुरे" कसं म्हणायचं, हेही शिकवू लागले. पोरं आधी लाजली, मग बोलू लागली.

चंद्री काठी टेकत येऊन त्या गोलात बसायची, पण गप्प असायची. एके सकाळी तिला कंठ फुटला. "मला मथीला सांगायचंय, की माझं चुकलं," ती म्हणाली आणि हुंदके देऊ लागली. कुणीच हसलं नाही.

पण तोवर कोळ्यानं बिऱ्हाड नावेत घालून गाव सोडलं होतं. कुठं गेला, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

तात्पर्य: मूल आपलं दुखणं सांगायला येतं, तेव्हाच हातातलं काम ठेवून ऐकावं. तेव्हा न ऐकलेलं दुखणं पुढे आणखी कुणाला तरी दुखवून जातं.