पाणजाईच्या तळ्यातली खिंड

माझ्या लेकीचं बाळंतपण अडलं होतं, तेव्हा मी इथल्या पाणजाईला बोलले होते, "आई, दोन्ही जीव सुखरूप सोडव. दर चैत्रात माझ्या अंगणातली माती तुझ्या तळ्याला आणीन." आईनं ऐकलं. म्हणून हे पदरातलं ढेकूळ.

तळ्यात मधोमध ती दगडांची रांग उघडी पडलीय, दिसली ना? आणि रांगेच्या पोटातली खिंड? आमच्या तालुक्यात गड आहे, देवराई आहे, वरच्या कातळाच्या सड्यावर भाद्रपदात फुलं मावत नाहीत. पण पाहुण्याला आम्ही आधी ही मोडकी रांग दाखवतो.

तळ्याच्या पलीकडं उंबरमाळ, अलीकडं आमची कुंभेवाडी. फार पूर्वी, असं सांगतात, एका कोरड्या वर्षी तळं उतरायला लागलं. ऊन पाणी पीत होतं, पण उन्हावर संशय कोण घेणार? कुंभेवाडी म्हणाली, उंबरमाळवाले चोरून उपसतात. उंबरमाळ म्हणालं, कुंभेवाडीचे. शेवटी दोन्ही गावांनी तळंच वाटून घ्यायचं ठरवलं. तळातलेच दगड उपटले आणि मधे बांध घातला. त्यानंतर तर पाणी दुप्पट वेगानं उतरू लागलं.

तेव्हा सगळ्यांची नजर वळली हौसावर. ती उंबरमाळची लेक, कुंभेवाडीची सून. पाणवठ्यावर बाया ऐकवायच्या, "हिची घागर माहेराच्याच बाजूला कशी गं कलंडते?" माहेरी गेली तर भावजया दार अर्धंच उघडायच्या, सासरची हेर आली म्हणून. सासू तर तिच्या पायांचा चिखल बघायची, कुठल्या काठाचा आहे ते. एके दिवशी सासूनं सांगून टाकलं, "चोर दाखव, नाहीतर हा उंबरा विसर."

हौसा पाणजाईसमोर नवस बोलली म्हणे, "चोर सापडेपर्यंत या तळ्याचं पाणी पिणार नाही." नुसत्या ताकाच्या घोटावर राहिली. रोज सकाळी बांधावर बसून देवीला फुलं सोडायची. दोन्ही काठांवरून माणसं तिच्यावर पाळत ठेवून असायची.

एका सकाळी सोडलेलं फूल काठाकडं गेलंच नाही. बांधापाशी गरगर फिरलं आणि दगडांखाली ओढलं गेलं. दुसरं सोडलं, तेही तसंच गेलं. बांधासाठी दगड उपटताना तळाची जुनी माती फाटली होती, आणि पाणी तिथून खाली चाललं होतं. हौसानं दोन्ही गावांना हाका मारल्या, इथले दगड बाजूला करा म्हणाली.

"बांध काढायला लावतेय! माहेरला पाणी द्यायचा डाव आहे," आमची माणसं म्हणाली. उंबरमाळवाले म्हणाले, "आधी तुम्ही दगड उचला, मग आम्ही."

कुणीच हलेना. मग हौसा एकटीच पाण्यात उतरली आणि दगड उपसू लागली. बोटं फुटली, तरी थांबली नाही. तेव्हा सासू लुगडं खोचून आत शिरली. मदतीला नव्हे हो, सून काय लपवते ते बघायला! दगड निघून पडलेल्या खिंडीत पाय टाकला मात्र आणि ओरडली, "अगं बया, ओढतंय की माझा पाय!"

मग काय, दोन्ही काठ पाण्यात उतरले. आमची पांढरी माती टाकली, ती वाहून गेली. उंबरमाळची तांबडी टाकली, ती विरघळली. हौसानं दोन्ही एकत्र तुडवून दाबल्या, तेव्हा भोक बुजलं. आईनंच सुचवलं, असं म्हणतात.

सासूनं ओंजळ भरून पुढं केली. "पी आता. चोर सापडला." इतके दिवस संशय घेणारे ते हात. हौसानं क्षणभर त्यांच्याकडं पाहिलं, डोळे मिटले आणि प्यायली.

आजही चैत्रात दोन्ही गावच्या बाया आपापली माती आणून इथं एकत्र तुडवतात. संशय काही मेला नाही बरं! तुमचं ढेकूळ लहान, आमचं मोठं, हे चालतंच. पण तुडवून झालं की पलीकडच्या बाईच्या ओंजळीतून डोळे मिटून पाणी प्यायचं. ही खिंडही कुणी बुजवत नाही.

तुम्ही लांबून आलात. मनात कुणाबद्दल काही अडलं असेल, तर आईला सांगा. माझ्या ढेकळातली ही चिमूट घ्या, खिंडीत सोडा. आणि त्या उंबरमाळच्या काकी ओंजळ भरून उभ्या आहेत ना, त्यांच्यापुढं वाका. डोळे मात्र मिटून घ्या हं.