सूर्य वर यायच्या आत

एका गावात मारुती एकच होता, तालमी मात्र दोन. एक वरच्या आळीची, एक खालच्या आळीची. दोघींमध्ये विळ्याभोपळ्याचं सख्य.

गावाची एक रीत होती. हनुमान जयंतीला पहाटे देवळातल्या पेटीतून डोळे मिटून एक पोथी काढायची आणि तालमीतल्या पैलवानाने ती गावाला वाचून दाखवायची. डोंगराआडून सूर्य वर यायच्या आत पोथी संपलीच पाहिजे. कारण सूर्य उगवला की मारुतीचा जन्म, मग गुलाल, मग सुंठवडा. हा वाचनाचा मान पिढ्यान्‌पिढ्या वरच्या तालमीकडे होता.

एका वर्षी तो मान हैबती पैलवानाला मिळाला. हैबतीची पाठ कधी मातीला लागली नव्हती. पण अक्षरांपुढे गड्याची पार दाणादाण उडाली. चिखलात रुतलेल्या बैलासारखा तो एकेका जोडाक्षरापाशी अडून बसला. बघता बघता सूर्य वर आला, पोथी निम्मी राहिली आणि सारा गाव मुठीत गुलाल धरून ताटकळला. हैबतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पंच म्हणाले, "पुढच्या वर्षी आणखी एक संधी. तेव्हाही पोथी राहिली, तर मान कायमचा खालच्या तालमीकडे."

हैबती इरेला पेटला. त्याने मूठमूठ बदाम खाल्ले, डोळ्यांना तूप लावलं आणि एके दिवशी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत नुसता वाचत बसला. दुसऱ्या दिवशी डोळे सुजले, डोकं ठणकू लागलं. अक्षर दिसलं तरी त्याला मळमळायचं. शेवटी त्याने आपल्या म्हाताऱ्या नरसू वस्तादांना गाठलं.

"वस्ताद, भरभर वाचायचा एखादा डाव सांगा."

"मला वाचता कुठं येतंय? पण एक सांग. तालमीत पहिल्या दिवशी तू जोर किती मारलेस?"

"दहा मारले. मग तोंडच मातीत गेलं."

"आन् आता?"

"आता कोण मोजतंय, वस्ताद?"

"मग मला काय विचारायला आलास?"

हैबतीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तेव्हापासून जोर झाले, अंग पुसलं, की तो थोडा वेळ वाचायला बसायचा. कोणती पोथी निघेल हे कुणालाच ठाऊक नसतं, म्हणून मिळेल ते वाचायचा. शेजाऱ्यांच्या पोथ्या वाचल्या, मास्तरांची पुस्तकं वाचली, गुळाच्या पुड्याचा कागदसुद्धा सोडला नाही. खालच्या तालमीचा गुणाजी पैलवान पारावर बसून त्याची टिंगल करायचा. "हैबती आता कागदाशी कुस्ती धरणार," म्हणायचा. हैबतीने मनावर घेतलं नाही.

सुरुवातीला त्याचं बोट एकेका अक्षरावर अडायचं. मग ते शब्दावरून शब्दावर सरकू लागलं. एके दिवशी त्याची बायको सगुणा चुलीपासून म्हणाली, "अहो, तुमचं बोट कुठं गेलं?" हैबतीने पाहिलं, तर बोट मांडीवर स्वस्थ पडलं होतं आणि डोळे पान संपवून पुढे निघाले होते. त्याला इतका आनंद झाला की त्याने तिथल्या तिथे शड्डू ठोकला.

पुन्हा हनुमान जयंती आली. पेटीतून निघालेली पोथी पाहून वरच्या आळीने कपाळाला हात लावला. ती सगळ्यांत जाडजूड होती आणि हैबतीने कधी पाहिलेलीही नव्हती. त्याने मारुतीला नमस्कार केला आणि समईच्या उजेडात वाचायला सुरुवात केली. शब्द कसे घोड्यासारखे उधळले! जोडाक्षरं आली आणि गेली, त्याला पत्ताही लागला नाही. पेंगणारी माणसं जागी होऊन पुढे सरकली.

पण पोथी संपेना. पूर्वेला तांबडं फुटलं. हैबतीने उरलेली पानं चाचपून पाहिली. सुटी पानं ती, दोन-दोन एकदम उलटली तर कुणाला कळणार होतं? पिढ्यांचा मान वाचला असता. त्याच्या बोटांनी दोन पानं धरलीसुद्धा.

पोथीतला राजा मात्र त्याच वेळी घोड्यासकट भर पुरात शिरला होता. तो पैलतीराला लागला की बुडाला, हे हैबतीलाच ठाऊक नव्हतं आणि ते जाणून घेतल्याशिवाय त्याला राहवेना. समोर अख्खा गाव श्वास रोखून बसला होता. एवढ्या माणसांना पुरात सोडून पुढे जायचं त्याच्या जिवावर आलं. त्याने वरचं तेवढं पान हातात ठेवलं, दुसरं परत खाली ठेवलं आणि वाचू लागला.

वर्षभराची सवय मदतीला धावून आली. ओळीमागून ओळ, पानामागून पान. डोंगराची कड उजळली. राजा पैलतीराला लागला. हैबतीने शेवटचं पान वाचून हात जोडले आणि त्यानंतर सूर्याची पहिली कोर डोंगरावर दिसली.

गुलालाने देऊळ लाल झालं. वरच्या आळीने हैबतीला खांद्यावर उचललं. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत गुणाजी आला. लोकांना वाटलं, आता हा काहीतरी खुसपट काढणार.

"मान तुमच्याकडंच राहू दे," गुणाजी म्हणाला. "मला ही पोथी तेवढी वाचायला द्या. राजा पुरात शिरला तवा माझा जीव टांगणीला लागला होता."

"वाचता येतं का तुला?" हैबतीने विचारलं.

"अडत अडत येतं."

हैबतीने पंचांकडे पाहिलं. पंचांनी मान डोलावली. मग त्याने पोथी गुणाजीच्या हातात दिली आणि म्हणाला, "अडू दे. रोज एक पान वाच."

तात्पर्य: वाचनाचा वेग घाई करून वाढत नाही, रोज वाचल्याने वाढतो. पानं गाळून पुढे पळणाऱ्याची पोथी लवकर संपते, पण त्याचं वाचन होत नाही.