एकूण भाकरी किती?

“मग काय म्हणाली ती?” भुजंगराव गुरुजींनी विचारलं.

त्यांच्या हाताखाली ज्वारीचं पीठ होतं. बायको गेल्यापासून गुरुजी स्वतःच भाकरी थापत, आणि पाहुणा कितीही मोठा असला तरी त्याच्याशी चुलीपुढूनच बोलत.

“‘पुरतील एवढ्या’ म्हणाली!” हरिश्चंद्र हसला. “गणित साधं होतं, गुरुजी. आईने चार भाकरी केल्या, आत्याने तीन केल्या, एकूण भाकरी किती? दुसरीचं पोर झोपेत सांगेल. आणि ही वैजू उभी राहून म्हणते, पुरतील एवढ्या!”

गुरुजी हसले नाहीत. त्यांनी भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाण्याचा हात फिरवला.

हरिश्चंद्र एके काळी त्यांचाच विद्यार्थी. आता पलीकडच्या गावात मास्तर होता. ‘प्रात्यक्षिकातून बेरीज’ या त्याच्या पद्धतीला मागच्या वर्षी जिल्ह्याचं बक्षीस मिळालं होतं. तेव्हापासून तो कुणाकडे पाणी मागायचा तरी फळ्यापुढे उभं राहिल्यासारखा मागायचा.

“तिला बेरीज येत नाही?”

“न यायला काय झालं? चिंचोके दिले की शंभराच्या पुढं जाते. भाकरी म्हटलं की तोंड बंद. म्हणे, भाकरी मोजायच्या नसतात, आजी रागावते.”

खाणाऱ्याच्या भाकरी मोजू नयेत, हे त्या मुलखात कुणी मुद्दाम शिकवत नाही. पोर पंगतीला बसू लागलं की त्याला ते आपोआप कळतं. हरिश्चंद्रालाही ठाऊक होतं. पण त्याच्या लेखी ती अंधश्रद्धा होती, आणि अंधश्रद्धा दिसली की त्याचे हात शिवशिवायचे.

“मग मी म्हटलं, हिची भीती मोडायचीच. त्या आठवड्यात खिचडीचा तांदूळ आला नव्हता, पोरं घरनं भाकरी आणत होती. मधल्या सुट्टीत सगळ्यांना गोल बसवलं आणि वैजूला मध्ये उभं केलं. एकेकाचं फडकं उघडून भाकरी मोजायच्या, मोठ्यानं आकडा सांगायचा, मागच्यात मिळवायचा.”

“मोजल्या?”

“आधी रडली. मग मोजल्या की! साडेएकोणचाळीस. एकसुद्धा चुकली नाही. अर्धीही बरोबर धरली तिनं.”

गुरुजींचा हात थांबला.

“अर्धी कुणाची होती?”

हरिश्चंद्र चुलीतल्या जाळाकडे बघू लागला.

“हरी, अर्धी कुणाची होती?”

“तिचीच. शेवटी स्वतःचं फडकं उघडायला लावलं ना.”

हे वाक्य त्याने घरी बायकोला सांगितलं होतं, शाळेत हेडमास्तरांना सांगितलं होतं. दोन्हीकडे ते सहज निघालं होतं. इथे ते जिभेवर अडकलं. तो घाईने पुढे बोलू लागला.

“पोरं जरा हसली. आता तिला ‘अर्धी’ म्हणतात. पोरंच ती... पण चार दिवस झाले, वैजू शाळेत येत नाही. सोमवारी साहेब येणार आहेत माझा पाठ बघायला. त्यात तीच मोजणार होती. तिचा बाप तुमचा शब्द खाली पडू देत नाही, गुरुजी. तुम्ही एकदा सांगून बघा.”

गुरुजींनी तव्यावरची भाकरी उलटली. ती टम्म फुगली.

“हात धू,” ते म्हणाले. “जेवायला बस.”

काम झालं, असं हरिश्चंद्राला वाटलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं. पिठलं होतं, फोडलेला कांदा होता. पहिली भाकरी कशी संपली ते त्यालाही कळलं नाही. गुरुजींनी ताटात दुसरी टाकली.

“दोन,” ते मोठ्याने म्हणाले.

हरिश्चंद्राने वर पाहिलं. गुरुजी तव्याकडे बघत होते.

त्याने तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि खाल्ला. घास नीट चावण्याआधी गिळला गेला. दुसरी कशीबशी संपत आली, तशी तिसरी आली.

“तीन.”

“गुरुजी...”

“जेव की. दोन आणि एक तीन. बरोबर आहे ना?”

हरिश्चंद्राने तिसरीचा तुकडा मोडला.

“चौथी घेशील? घेतलीस तर मला दोन उरतात.”

हरिश्चंद्राचा डावा हात कधी उचलला गेला, कुणास ठाऊक. तो ताटावर आडवा आला होता. पस्तिशीचा बाप्या, जिल्ह्याचा बक्षीसपात्र शिक्षक, आपल्या ताटातली भाकरी हाताने झाकून बसला होता.

त्याने स्वतःचाच हात पाहिला.

मग त्याला लाज वाटली. कानापर्यंत चढणारी, मान खाली घालायला लावणारी लाज. मोडलेला तुकडा त्याच्या बोटांत तसाच राहिला. गोलाच्या मध्ये उभी असलेली वैजू त्याला आत्ता दिसली. त्या दिवशी त्याने तिच्याकडे पाहिलंच नव्हतं, तो बेरजेकडे बघत होता.

आणि हेच स्वयंपाकघर आठवलं. आईबाप ऊसतोडीला जात, तेव्हा तिसरी-चौथीची दोन वर्षं तो इथेच जेवला होता. तेव्हा काकू होत्या. त्या वाढत आणि तो खात असे. पोट भरलं की उठत असे.

“दोन वर्षं जेवलो मी इथं,” तो पुटपुटला. “तुम्ही कधी मोजल्या नाहीत.”

“तेवढं गणित मला कुठं येत होतं!” गुरुजी म्हणाले.

चुलीतलं लाकूड सरकलं. गुरुजींनी ते आत ढकललं.

“साहेबांना नको म्हणून कळवतो,” अखेर हरिश्चंद्र म्हणाला. त्याचा फळ्यापुढचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. “पण तिच्यापुढं काय तोंड घेऊन जाऊ? सात वर्षांची पोर आहे. माफी मागितली तर तिला कळायची नाही. वह्या नेऊ का? पीठ नेऊ? एखादं पोतं ज्वारी टाकतो त्यांच्याकडं...”

गुरुजी उठले. त्यांनी त्याच्यापुढचं ताट उचललं आणि बाजूला ठेवलं.

“काही नेऊ नकोस. उद्या दिवसभर काही खाऊ नकोस. दिवेलागणीला त्यांची चूल पेटते, तेव्हा जा आणि म्हण, वैजू, मला भूक लागली आहे. ती वाढेल तेवढं खा.”

हरिश्चंद्र दचकला.

“त्यांच्याकडं, गुरुजी? अहो, त्या घरात आधीच अर्धी... मी जेवलो तर त्यांना काय उरणार?”

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं.

“अजून मोजतोच आहेस... परवा जा. दोन दिवसांचा उपाशी जा.”