हौसाची पाणपोई आणि भेंडोशीची हाक

फार वर्षांपूर्वी, सावरखिंडीतून मोटारी जात नव्हत्या, नुसती बैलं आणि माणसं चढत होती, तेव्हा खिंडीच्या माथ्यावर हौसा नावाची एक धनगरीण राहत होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. चार म्हशी आणि थोड्या कोंबड्या एवढाच तिचा पसारा. खिंडीच्या एका अंगाला कोकण, दुसऱ्या अंगाला देश. दोन्हीकडची माणसं चढून दमून तिथं टेकायची, म्हणून हौसानं जांभळीखाली रांजण मांडला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या ओंजळीत ओगराळ्यानं पाणी ओतायला लागली. पैसा घेत नसे. पण पाणी पिण्याआधी माणसानं आपल्या गावचा एक शब्द तिला म्हणून दाखवायचा, असा तिचा दंडक होता.

ती स्वतःच्या डोळ्याकडं बोट करून विचारायची, "ह्याला काय म्हणता तुमच्याकडं?" कुणी डोळा म्हणे, कुणी डोला, आणि पार वऱ्हाडातून आलेला एखादा बैलवाला डोया म्हणे. विहिरीला कुणी हीर म्हणे, कुणी ईर, कुणी बाव. हौसा तो शब्द तिथल्या तिथं हुबेहूब म्हणून दाखवी आणि मगच ओगराळं भरी. घशाला कोरड पडलेल्या माणसाला अडवून आधी बोलायला लावायचं, हा खुळेपणाच की! लोक तिला खुळी म्हणतही. पण तिच्यावर रागावून कुणी गेला नाही. महिना महिना घराबाहेर असलेल्या माणसाला खिंडीत अचानक आपल्या आईच्या सुरात आपला शब्द ऐकू आला, तर तो रागावणार कसा?

असं म्हणतात, की नुसत्या खोकण्यावरून ती माणसाचं गाव सांगायची. हे मला पटत नाही. खोकला सगळीकडं सारखाच. पण माणूस दोन शब्द बोलला की सांगायची, हे खरं. असंही म्हणतात, की ठिकठिकाणचे आवडलेले आवाज वेचून तिनं म्हशींसाठी एक वेगळी बोलीच रचली होती. माणसांना ती कळत नसे. म्हशींना कळे, आणि म्हशी काही कुणाला सांगायला गेल्या नाहीत.

एकदा सुगी संपल्यावर देशाकडून एक बाई खिंड चढून आली. केस पिकायला लागलेले, काखेत गाठोडं. तिचं नाव गवसा. लहानपणी ती कुठल्याशा जत्रेत हरवली होती आणि एका कुंभार जोडप्याला गवसली, म्हणून गवसा. गाव कुठलं विचारलं तर ती पोर "आमचं" एवढंच म्हणायची. आईचं नाव विचारलं तर "आय". त्यावर कुणाला काय शोधता येणार? कुंभारांनी तिला लेकीसारखं वाढवलं, लग्न करून दिलं. पुढं तेही गेले, नवराही गेला. लेकाचा संसार उभा राहिला, सून चांगली मिळाली, सगळं मिळालं. पण नागपंचमीला गावातल्या बायका माहेरी निघाल्या की गवसा दाराआड जाऊन रडायची. मरायच्या आधी एकदा आपल्या माहेरच्या उंबऱ्यावर डोकं टेकवायचं, एवढंच तिच्या मनात होतं. हौसाची कीर्ती ऐकून ती आली होती. गाठोड्यात गावदेवीच्या ओटीसाठी खण आणि नारळही घेतला होता.

हौसानं तिला शब्दामागून शब्द विचारले. डोळा, विहीर, चूल, पाऊस, भाकरी. सगळे शब्द कुंभारांच्या गावचे निघाले. हौसा हळहळली. "तुझ्या तोंडात माहेरचं काईच ऱ्हायलं न्हाई गं, बाई."

गवसानं मान खाली घातली आणि गाठोड्यातली भाकरी सोडली. तेवढ्यात हौसाची कोंबडी लांबून मान वाकडी करून बघायला लागली. गवसानं चतकोर कुस्करला आणि सहज हाक घातली, "त्यो, त्यो, त्योऽऽ". शेवटचा त्यो लांब ओढून वर नेलेला.

हौसाच्या हातातलं ओगराळं तिथंच थांबलं. "ही हाक कुणी शिकीवली तुला?"

"कुणी न्हाई. कोंबड्यांना अशीच तर बोलीवत्यात."

"कुंभार असं बोलीवत न्हाईत," हौसा म्हणाली. माणसांशी बोलताना जीभ बदलते, पण कोंबड्यांशी कोण जपून बोलतं? ती हाक हौसाला चांगली ठाऊक होती. कोकणाच्या अंगाला, निम्म्या उतारावरच्या कुसूरवाडीच्या बायका अशीच हाक घालतात. तिनं बोटानं वाट दाखवली, आणि गवसा अनवाणीच धावत सुटली.

दुसऱ्या दिवशी ती परत आली. नारळ तसाच होता. कुसूरवाडीत घरोघर तीच हाक होती, पण कुणाचीच लेक कधी हरवली नव्हती. लोकांनी तिला जेवू घातलं आणि वाटेला लावलं.

"तुमी सांगितलं म्हनून मी आय म्हनून हाक मारली एका म्हातारीला," गवसा म्हणाली. "लई लाज वाटली."

हौसाला ते फार लागलं. आयुष्यभराची हौस, आणि तिच्यापायी एका पोरक्या बाईचं हसं झालं. त्या दिवशी रांजणापाशी आलेल्या कुणालाच तिनं शब्द विचारला नाही. मग तिनं गवसाला विचारलं, "ती म्हातारी काय म्हनली गं?"

"म्हनली, ही हाक मी माझ्या माहेराहून आनली, मग समद्या सुनांनी उचलली."

हौसा कपाळाला हात लावून उठली. "मीच खुळी! आवाज काय झाड हाय व्हय, एका जाग्याला ऱ्हायला? लेकी नांदायला जात्यात, त्यांच्याबरूबर त्योबी जातो. चल."

पाणपोई मांडल्यापासून हौसा प्रथमच खिंड सोडून निघाली. ती नसताना रांजण कुणी भरला नाही, आणि तरी तो रिकामा झाला नाही, असं म्हणतात.

कुसूरवाडीच्या म्हातारीचं माहेर पायथ्याचं भेंडोशी. दोघी तिथं पोचल्या तेव्हा बायका अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होत्या आणि हाक घालत होत्या, "चो, चो, चो". गवसा मटकन खालीच बसली. बायकांना विचारलं, तर त्या हसल्या. "त्यो त्यो? असं कोण बोलवतं गो? आमच्यात चो चोच म्हणतात, बाय."

पण हौसा आता फसणार नव्हती. ऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याला आणि त्याच्या नातवाला एकाच रांजणाजवळ बसवून, एकच शब्द दोघांच्या तोंडी कसा बदलतो हे तिनं कितीदा ऐकलं होतं. बोलताना जीभ सोपी वाट धरते, आणि गावाला पत्ता लागत नाही. भेंडोशीची हाक भेंडोशीत झिजली होती. सासरी गेलेल्या लेकीनं ती कुसूरवाडीत जपली होती, आणि जत्रेत हरवलेल्या पोरीनं देशावर.

"ऊठ," ती म्हणाली. "गावाच्या मधी उभी ऱ्हा आन् घाल हाक. तुझी. त्यांची न्हाई."

गवसा उभी राहिली. तिनं हाक घातली. "त्यो, त्यो, त्योऽऽ!"

एकही कोंबडी आली नाही. बायका पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. आणि पलीकडच्या घरातून, अंथरुणाला खिळलेल्या, घरच्या माणसांनाही न ओळखणाऱ्या एका म्हातारीचा आवाज आला, रोजच्यासारखा, थोडा करवादलेला.

"आधी खुराड्याचं दार लाव गो, यमे! मुंगूस फिरतंय."

त्या घरची यमी लहान असताना जत्रेत हरवली होती, हे तिथल्या थोरल्यांना तेव्हा आठवलं. गवसाला आपलं नाव यमी होतं हे त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. ती रडली नाही, धावली नाही. ती अंगणात गेली, खुराड्याचं दार लावलं, कडी घातली आणि आत बघून म्हणाली, "लावलं, आय." मग तिनं उंबऱ्यावर डोकं टेकवलं.

आता खिंडीत डांबरी रस्ता आहे आणि रांजणाच्या जागी नळाची टाकी. तरी तिथं पाणी पिणारा ट्रकवालासुद्धा आधी आपल्या गावचा एक शब्द मोठ्यानं म्हणतो, मगच ओंजळ पुढं करतो. त्याला हौसाचं देणं म्हणतात.

आणि भेंडोशीत जत्रेच्या दिवशी, दिवेलागणीच्या आधी, प्रत्येक घरातली बाई अंगणात येते आणि खिंडीकडं तोंड करून जुनी हाक घालते, "त्यो, त्यो, त्योऽऽ". कोंबड्या ढुंकूनही बघत नाहीत. त्यांना फक्त चो चो कळतं. नव्या सुनांना हसू येतं. सासवा म्हणतात, हस, पण शेवटचा त्यो नीट लांबव. कुणाची लेक वाटेवर असली, तर तिला ऐकू गेला पाहिजे.