टिंबी आणि ठिणगीची पट्टी

एक होता डोंगर. डोंगराला होती कपार. कपारीत होतं बीळ. बिळात राहायची टिंबी उंदरी.

टिंबी केवढी? चिंचोक्याहून थोडी मोठी. सुपारीहून थोडी लहान.

बिळात टिंबीची आई होती. इवलीइवली भावंडं होती. आणि एक चूल होती. चूल पेटवायला होती एक काळी कांडी आणि एक लोखंडाची पट्टी. पट्टी कांडीवर ओढायची. खर्र! ठिणग्या उडायच्या. चूल पेटायची. सगळं बीळ ऊबदार व्हायचं.

एका सकाळी धुकं आलं. गार गार धुकं. टिंबी पट्टी घेऊन दारात बसली होती. पट्टी सटकली. खडकाच्या फटीत पडली.

टण. टण. टण. टुण्.

टिंबीने फटीत डोकावून पाहिलं. खाली नुसता अंधार. खोल, खोल, खोल. पट्टी गेली ती गेलीच.

घरात चूल विझलेली. भावंडं कुडकुड कुडकुड. आई त्यांना पोटाशी घेऊन बसली. ती उठली असती, तर पिल्लं गारठली असती. म्हणून टिंबी उठली.

तिने काडी आणली. कांडीवर ओढली. काडी मोडली. कट्.
तिने गोगलगायीचा शंख आणला. कांडीवर ओढला. शंख फुटला. फट्.
तिने गुळगुळीत गोटा आणला. कांडीवर ओढला. गोटा घसरला. सुळ्ळ.
ठिणगी काही उडेना.

आई म्हणाली, याला लोखंडच लागतं, तेही टणक. खाली गावात गेनूदादा लोहार आहे, त्याच्याकडे मिळेल.

टिंबीने कांडी पाठीला बांधली. आणि निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

गेनूदादा केवढा? टिंबीला आधी दिसला त्याचा अंगठा. मग दिसला पाय. मग गुडघा. मान वर, वर, वर केली, तेव्हा कुठे दिसल्या मिशा.

टिंबी म्हणाली,
"गेनूदादा, गेनूदादा, पट्टी दे.
पट्टीने उडेल ठिणगी,
ठिणगीने पेटेल चूल,
चुलीपाशी शेकतील माझी भावंडं."

गेनूदादाने भट्टी दाखवली. भट्टी गार. राखेखाली एकच निखारा डोळे मिटून पडलेला. तो निखारासुद्धा टिंबीहून मोठा. तिला कुठला उचलवणार?

गेनूदादा म्हणाला, "कोळसा आण, मग पट्टी देईन."

टिंबी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आली ठकूमावशीकडे.

ठकूमावशी रानात कोळसा करायची. तिचे हात काळे, नाक काळं, हसू मात्र पांढरं. अंगणात कोळशाचा ढीग. टिंबीला वाटलं, हा तर दुसरा डोंगर. एक कोळसा घरंगळला. किण् किण् वाजला. टिंबीने वाकून पाहिलं. कोळशात झाडाची वलयं होती, जशीच्या तशी. टिंबी बघतच राहिली.

मग म्हणाली,
"ठकूमावशी, ठकूमावशी, कोळसा दे.
कोळसा गेनूदादाला, गेनूदादा देईल पट्टी.
पट्टीने उडेल ठिणगी,
ठिणगीने पेटेल चूल,
चुलीपाशी शेकतील माझी भावंडं."

ठकूमावशीने टोपली उचलून दाखवली. टोपलीला तळच नाही. तिच्यातून आभाळ दिसत होतं.

ठकूमावशी म्हणाली, "टोपली आण, मग कोळसा देईन."

टिंबी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आली साळूकाकीकडे.

साळूकाकी टोपल्या विणायची. तिची बोटं अशी चालायची, अशी चालायची, की बोट कुठलं नि बांबूचा पट्टा कुठला कळायचं नाही. खाली, वर. खाली, वर. बघता बघता हवेतून सूप झालं. पण ते सूप शेवटचं. साळूकाकीचा बांबू संपला.

टिंबी म्हणाली,
"साळूकाकी, साळूकाकी, टोपली दे.
टोपली ठकूमावशीला, ठकूमावशी देईल कोळसा.
कोळसा गेनूदादाला, गेनूदादा देईल पट्टी.
पट्टीने उडेल ठिणगी,
ठिणगीने पेटेल चूल,
चुलीपाशी शेकतील माझी भावंडं."

साळूकाकी म्हणाली, "बांबूची काठी आण, मग टोपली देईन."

टिंबी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आली बांबूआजोबांकडे.

बांबूआजोबा एवढे उंच, एवढे उंच, की त्यांचं डोकं धुक्याच्या वर. तिकडे वर ऊन होतं. इथे खाली सावली होती. आजोबा हलले. करर्र, करर्र. सगळं रान त्यांच्याबरोबर हललं. टिंबीने श्वास रोखला.

मग हळूच म्हणाली,
"बांबूआजोबा, बांबूआजोबा, काठी द्या.
काठी साळूकाकीला, साळूकाकी देईल टोपली.
टोपली ठकूमावशीला, ठकूमावशी देईल कोळसा.
कोळसा गेनूदादाला, गेनूदादा देईल पट्टी.
पट्टीने उडेल ठिणगी,
ठिणगीने पेटेल चूल,
चुलीपाशी शेकतील माझी भावंडं."

आजोबांचा घसा सुकला होता. पायाशी माती भेगाळली होती.

बांबूआजोबा म्हणाले, "पाणी आण, मग काठी देईन."

टिंबी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. आली झऱ्याकडे.

झरा कुठे होता? खडकाच्या पोटात. टिंबीने खडकाला कान लावला. आत कुणीतरी बोलत होतं. गुळगुळ, गुळगुळ. एवढ्या मोठ्या खडकाच्या आत एवढं पाणी! पण बाहेर थेंबही नाही.

टिंबी खडकाला तोंड लावून म्हणाली,
"झऱ्या, झऱ्या, पाणी दे.
पाणी बांबूआजोबांना, बांबूआजोबा देतील काठी.
काठी साळूकाकीला, साळूकाकी देईल टोपली.
टोपली ठकूमावशीला, ठकूमावशी देईल कोळसा.
कोळसा गेनूदादाला, गेनूदादा देईल पट्टी.
पट्टीने उडेल ठिणगी,
ठिणगीने पेटेल चूल,
चुलीपाशी शेकतील माझी भावंडं."

झऱ्याच्या तोंडात चिखलाचा बोळा बसला होता. आतूनच तो पुटपुटला, "खेकोबाला सांग. त्याने चिखल काढला, तर पाणी देईन."

टिंबी निघाली. तुरुतुरु... नाही. या वेळी हळूहळू. कारण खेकोबा होता खेकडा. त्याच्या नांग्या टिंबीहून मोठ्या. कटक् कटक्. डोळे होते दोन देठांवर. एक डोळा टिंबीकडे वळला. मग दुसरा वळला.

टिंबीच्या मिशा थरथरल्या. पण तिला आठवली कुडकुडणारी भावंडं. ती म्हणाली,
"खेकोबा, खेकोबा, चिखल काढ.
चिखल काढलास की झरा देईल पाणी.
पाणी बांबूआजोबांना, बांबूआजोबा देतील काठी.
काठी साळूकाकीला, साळूकाकी देईल टोपली.
टोपली ठकूमावशीला, ठकूमावशी देईल कोळसा.
कोळसा गेनूदादाला, गेनूदादा देईल पट्टी.
पट्टीने उडेल ठिणगी,
ठिणगीने पेटेल चूल,
चुलीपाशी शेकतील माझी भावंडं."

खेकोबा म्हणाला, "माझी पाठ खाजते आहे. माझ्या नांग्या तिथे पोचत नाहीत. पाठ खाजव, मग चिखल काढीन."

आता पुढे कुणाकडे जायचं नव्हतं. आता टिंबीच होती.

टिंबी पुढे झाली. या नांगीजवळून गेली. त्या नांगीजवळून गेली. खेकोबाच्या पाठीवर चढली. आणि खाजवायला लागली.

खरखर, खरखर. खरखर, खरखर.

खेकोबाच्या नांग्या सैल पडल्या. डोळे खाली आले. एक खाली आला. मग दुसरा खाली आला. खेकोबा म्हणाला, अहाहा.

मग काय झालं?

खेकोबा गेला झऱ्याकडे. चिखलाचा बोळा उपसला. भस्स, भस्स, भस्स!

आणि खडकातून पाणी आलं. आधी एक थेंब. मग एक धार. मग धो धो धो! पांढरं, गार, चमचम करणारं पाणी. टिंबीचं तोंड उघडंच राहिलं.

पाणी धावलं बांबूआजोबांकडे. आजोबा प्यायले. घट घट घट. पायांपासून शेंड्यापर्यंत हिरवे झाले. मग त्यांनी एक काठी खाली सोडली. काठी घरंगळली. गडगड, गडगड, थेट साळूकाकीच्या दारात.

साळूकाकीने काठी चिरली. चर्र, चर्र. खाली, वर. खाली, वर. टोपली झाली. टोपलीत बसली टिंबी. साळूकाकी टोपली घेऊन निघाली ठकूमावशीकडे.

ठकूमावशीने टोपली कोळशाने भरली. किण् किण् किण् किण्. टोपली घेतली डोक्यावर. कोळशावर बसली टिंबी. एवढ्या उंचावर टिंबी आजवर बसलीच नव्हती. तिला सगळं गाव दिसलं. गावामागचं रान दिसलं. रानामागचा डोंगर दिसला. डोंगरावर धुकं दिसलं. आणि धुक्यात कुठेतरी तिचं घर होतं.

टोपली आली गेनूदादाकडे.

गेनूदादाने भट्टीत कोळसा घातला. भाता ओढला. फूस्स, फूस्स. निखाऱ्याने डोळे उघडले. शेजारच्या कोळशाला उठवलं. त्याने शेजारच्याला उठवलं. भट्टी लाल झाली. मग केशरी झाली. मग पिवळी झाली, डोळ्यांना बघवेना इतकी.

गेनूदादाने एक मोडकी कानस घेतली. कानस म्हणजे लोखंड घासायचं लोखंड. भलतंच टणक. ती तापवली. ठोकली. ठण्, ठण्, ठण्. पुन्हा तापवून पाण्यात बुडवली. चर्र्र! मग दगडावर तिची कड घासली, सरळ आणि धारदार. झाली पट्टी.

पण गेनूदादाने ऐरणीवर एकच पट्टी ठेवली नाही. पेटीतून काढून आणखीही ठेवल्या. म्हणाला, ठिणगी तू पाडणार, तर पट्टीही तूच निवड.

एक पट्टी होती पितळेची. सोन्यासारखी पिवळी. टिंबीला तीच आवडली. तिने पाठीवरची कांडी सोडली. पट्टी कांडीवर ओढली. सर्र. काही नाही. पितळ पडलं मऊ.

एक पट्टी होती लोखंडाची. गुळगुळीत, कडा गोल गोल. टिंबीने ती ओढली. सुळ्ळ. काही नाही. ती नुसतीच घसरली.

उरली कानशीची पट्टी. काळी. ओबडधोबड. टिंबीने गेनूदादाकडे पाहिलं.

गेनूदादा खाली वाकला. मिशा टिंबीच्या जवळ आल्या. तो म्हणाला, "चमक बघू नकोस, बाळ. कड बघ."

टिंबीने कडेवर अलगद पंजा फिरवला. कड पंज्याला अडली. मग तिने पट्टी कांडीवर टेकवली. जोर लावला. हळूच ओढली.

खर्र्र्र!

ठिणग्या! पांढऱ्या ठिणग्या! पिवळ्या ठिणग्या! तड् तड् तड् तड्! ऐरणीवर नाचल्या, भुईवर सांडल्या, विझल्या.

मग टिंबी एवढंच म्हणाली, "हीच."

गेनूदादाने पट्टीच्या एका टोकाला दोरा गुंडाळला, हाताला लागू नये म्हणून. टिंबीने पट्टी पाठीला बांधली, कांडी पाठीला बांधली, आणि पळत सुटली. तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु तुरुतुरु!

बिळात अजून गारठा. भावंडं अजून कुडकुड कुडकुड. आईने सावरीचा कापूस चुलीत सरकवला. टिंबीने त्यावर कांडी धरली. पट्टी टेकवली. जोर लावला. हळूच ओढली.

खर्र्र्र!

एक ठिणगी कापसावर पडली. एवढीशी. मोहरीएवढी. टिंबीने फुंकर घातली. फू. ठिणगी लाल झाली. आईने फुंकर घातली. फू. धुराची बारीक रेघ वर गेली. दोघींनी मिळून फुंकर घातली. फूऽऽऽ.

भप्!

चूल पेटली. भिंती सोनेरी झाल्या. आईच्या मिशा सोनेरी झाल्या. आईने भावंडांना चुलीपाशी ठेवलं. हळूहळू कुडकुड थांबली.

या भावंडांनी अजून डोळे उघडले नव्हते. ती फारच लहान होती. त्यांना दिवस ठाऊक नव्हता, डोंगर ठाऊक नव्हता, आईचं तोंडही ठाऊक नव्हतं. चुलीपाशी ऊब लागली, तशी सगळ्यांत धाकटं पिल्लू हललं. त्याने एक डोळा उघडला. मग दुसरा उघडला.

समोर आग नाचत होती.

पिल्लू बघत राहिलं. बघत राहिलं. मग त्याने मान वळवली, आणि आगीच्या उजेडात त्याला दिसली त्याची ताई.

चूल पेटली, पिल्लं शेकली, गोष्ट आपली कुशीत निजली.