शालनच्या नावाची फाईल

एका बाजारगावात मुरलीधर नावाचा कारागीर राहत होता. रेडिओपासून लॅपटॉपपर्यंत काहीही बिघडलं की लोक त्याच्याकडे धाव घ्यायचे. माणूस हाताचा कुशल आणि स्वभावानं गप्पिष्ट. घरात तो आणि धाकटी बहीण शालन, दोघंच. त्याला एकच घोर होता. शालनला तीन स्थळं सांगून आली, तिन्ही वेळा कांदेपोहे झाले आणि तिन्ही घरांनी 'पत्रिका जुळत नाही' असा निरोप धाडला. मुलगी शिकलेली, नाकीडोळी नीटस, कामाला वाघ. खरं कारण वेगळंच असणार, हे न कळण्याइतका मुरलीधर खुळा नव्हता.

खरी कारणं त्या गावात एकाच ठिकाणी सापडायची, ती म्हणजे अनसूयाकाकूंच्या लॅपटॉपमध्ये. काकू वधू-वर सूचक मंडळ चालवत. कोणी कोणाला का नाकारलं, हे लोक त्यांना मोकळेपणानं सांगत, कारण काकूंच्या तोंडून ते कधी बाहेर पडत नसे. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येकाच्या नावाची एक फाईल.

खंडेनवमीला जो तो आपली अवजारं पुजतो. शिंपी मशीन पुजतो, सुतार रंधा पुजतो. काकूंनी लॅपटॉप पाटावर मांडला, चालू केला, हळदकुंकू वाहिलं आणि फुलानं चांगलं सढळ हातानं पाणी शिंपडलं. देव प्रसन्न झाला की नाही ठाऊक नाही, पण लॅपटॉपचा पडदा काळा झाला तो झालाच.

दसरा उलटताच काकू दुकानात आल्या. "आत पंखा फिरतो रे, पण तोंड काही दाखवत नाही. दोनशे घरांचं माझ्यापाशी आहे. ते गेलं तर मी लोकांना काय सांगू?" त्यांचे डोळे भरून आले होते.

मुरलीधर म्हणाला, "काकू, नुसता पडदा गेलाय. आतलं शाबूत असणार. दुकानातल्या टीव्हीला जोडतो, तिथं दिसेल. मग पेनड्राइव्हवर उतरवून देतो."

काकूंच्या जिवात जीव आला. "मग मी तेवढ्यात भाजी घेऊन येते," म्हणत त्या बाजाराकडे वळल्या.

मुरलीधरनं बाकावरच्या रिकामटेकड्यांना घालवलं आणि केबल जोडली. टीव्हीवर नावांची रांग उमटली. वरून खाली येता येता त्याची नजर एका नावावर अडली. 'शालन'.

आता एकदा बोट दाबलं की झालं. मी तिचा सख्खा भाऊ, मला नाही तर कोणाला हक्क? काय खोट आहे ते कळलं तर ती दूर तरी करता येईल. आणि कोणाला पत्ता लागणार आहे? मुरलीधरला एकाहून एक चांगली कारणं सुचत गेली आणि बोट माउसवर गेलंसुद्धा.

तेवढ्यात त्याला आठवलं, की विश्वासानं जाताना काकूंनी एकदाही मागं वळून पाहिलं नव्हतं. त्यानं हात काढून घेतला आणि त्यांना फोन लावला. "काकू, भाजी राहू द्या, आधी इथं या. यात शालनची फाईल आहे. मी एकटा बसलो तर उघडेन. काम होईपर्यंत तुम्ही शेजारी बसा."

काकू अर्धी पिशवी घेऊन परतल्या आणि स्टुलावर बसल्या. अर्ध्या तासात सगळं उतरलं. मुरलीधरनं पेनड्राइव्ह त्यांच्या हातात ठेवला.

काकू उठल्या नाहीत. "मुरली, घरांची नावं मी सांगणार नाही. पण कारण तुझंच आहे, म्हणून तुला सांगते. तिघंही एकच बोलले. मुलीत काही खोट नाही. पण भाऊ दुरुस्तीला आलेल्या फोनमधलं वाचतो आणि चहाच्या टपरीवर सांगतो. अशा घराशी सोयरीक केली तर आपलं चव्हाट्यावर यायला कितीसा वेळ?"

मुरलीधरचा चेहरा उतरला. गेल्या वर्षी एका मास्तरांनी रुसलेल्या बायकोला लिहिलेला निरोप त्यानं टपरीवर नकला करून ऐकवला होता. सगळे पोट धरून हसले होते. तो ते विसरूनही गेला होता. गाव विसरलं नव्हतं.

"हे ठाऊक असूनही जीव भांड्यात पडल्याच्या भरात मी लॅपटॉप तुझ्यावर सोडून गेले. पण तू न उघडता मला बोलावून घेतलंस, हेही मी सांगेन, विचारतील त्यांना," काकू म्हणाल्या आणि निघाल्या.

मुरलीधर दुकान बंद करून घरी गेला. शालन मेथी निवडत होती. तो तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, "तुझी तिन्ही स्थळं माझ्या जिभेनं मोडली."

सगळं ऐकून शालननं हातातली मेथी खाली ठेवली. मग म्हणाली, "दादा, तीनदा साडी नेसून मी लोकांपुढे बसले. आणि तीनदा आरशापुढे उभी राहून माझ्यातच खोट शोधत राहिले."



तात्पर्य: दुसऱ्याचं गुपित हसण्यासाठी चव्हाट्यावर मांडणाऱ्याची शिक्षा बहुधा त्याच्या घरचं माणूस भोगतं. म्हणून असं काही हाती आलं, तर शहाण्यानं मोहापाशी एकटं बसू नये.