तीन ढलप्या आणि एक खोटं

एका राज्यात दिवस दुपारीच मावळत असे. सूर्याचा दोष नव्हता हो, रानच तेवढं दाट होतं. त्या रानाच्या काठाला लाकूडतोड्यांची वस्ती होती आणि वस्तीचे दोन नेम होते. ते आधी सांगून ठेवतो, नाहीतर मागाहून विचाराल आणि माझा घसा कोरडा कराल.

पहिला नेम असा. घाव घालण्याआधी कुऱ्हाडीच्या पाठीनं बुंध्याला ठोका द्यायचा आणि कान लावायचा. आतून चोचीचा आवाज आला, तर ते झाड सोडायचं. कारण त्या रानात धनेश पक्षी फार. धनेशाची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते आणि आतून तोंड लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. नर तिला बाहेरून फळं भरवतो. पिलं मोठी होईस्तोवर तिला बाहेर पडता येत नाही. मग अशा झाडाला हात कोण लावील?

दुसरा नेम शेकोटीचा. काम आटोपलं की लाकूडतोडे बाता मारायला बसत. कुणी म्हणे, माझ्या आज्यानं शिंकून साग पाडला. कुणी म्हणे, आमच्या थोरल्यानं ओंडक्यानं दात कोरले. बात संपली की ऐकणाऱ्यातल्या एकानं विस्तवात लाकडाची ढलपी टाकायची आणि म्हणायचं, “खोटं! रानातलं रानात.” म्हणजे बात पुसली. न पुसलेली बात माणसाच्या अंगाला चिकटते आणि खरी होते, असा त्या रानाचा कायदाच होता.

त्या वस्तीत खेमा नावाचा लाकूडतोड्या राही. अंगानं किडमिडा, पण जिभेनं जबर. झाडाला बिचाऱ्याचे घाव मोजून लागत, बाता मात्र आभाळाला लागत. हौसा त्याची बायको. ती रोज शेकोटीशी बसे, पोट धरून हसे आणि सगळ्यांच्या आधी ढलपी टाकून ओरडे, “खोटं!” खेमा म्हणे, “हौसे, बात संपू तरी दे!” असं त्यांचं चाललं होतं. सुखाचं होतं हो.

मग राजा चंडवर्म्याच्या मनात आलं की आपल्याला महासागाचं सिंहासन हवं. महासाग म्हणजे रानातलं सगळ्यांत थोर झाड. लाकूडतोड्यांना दरबारात बोलावणं आलं. म्हातारे हात जोडून म्हणाले, “महाराज, ठोका दिला होता. आतून उत्तर आलं. पिलं उडेपर्यंत थांबावं.”

राजाच्या कपाळाला आठी पडली. आता खेमानं गप्प बसावं की नाही? पण नाही! उचलली जीभ, लावली टाळ्याला. राजाचा राग उतरावा म्हणून तो पुढं झाला आणि बात सांगू लागला.

“महाराज, महासाग तो काय! मी ठोका देत नाही, एका घावात झाड पाडतो. तहान लागली तर नदी एका घोटात पितो. आणि ओंडका एकदा खांद्यावर घेतला की पुढचं झाड पडेपर्यंत खाली ठेवत नाही.”

राजा हसला. त्यानं टाळी वाजवली आणि म्हणाला, “खरं आहे!” राजा म्हणाला म्हणून प्रधान म्हणाला, “खरं!” प्रधान म्हणाला म्हणून सगळा दरबार म्हणाला, “खरं, खरं!”

हौसा मागं खांबाशी उभी होती. शब्द तिच्या ओठांवर आला होता. पण तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला. जन्मात पहिल्यांदा त्याला कुणी मोठं म्हटलं होतं आणि तो उजळून निघाला होता. चारचौघांत, राजासमोर, आपल्याच माणसाला खोटं कसं म्हणावं? तिनं शब्द गिळला. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना वाटलं, ही म्हणेल. म्हणून तेही गप्प राहिले.

राजा म्हणाला, “मग आज सांजेच्या आत पाड.”

खेमा दरबाराची पायरी उतरला तेव्हा हातभर वाढला होता. वेशीतून गेला तेव्हा वेशीची कमान मोडली. रानाशी पोचला तेव्हा त्याचं डोकं ढगात होतं. हातातली जुनी कुऱ्हाड गळून शेजारच्या नदीत पडली आणि तळहातातून घराएवढं पातं उगवलं. त्यानं ठोका दिला नाही, एकच घाव घातला. महासाग पडला. ढोलीतली मादी अंड्यांसकट चिरडली.

तिथून रानाची दशा झाली. एक झाड पाडावं, खांद्यावर घ्यावं, पुढचं पाडावं, पहिलं टाकून तेच उचलावं. त्याला झोप नाही की बसणं नाही. नदी त्यानं एका घोटात संपवली. बायका वाळूत खड्डे खणून ओंजळभर पाणी काढू लागल्या. आभाळ उघडं पडलं, पण उजेडाचा आनंद कुणाला झाला नाही. रात्रंदिवस घाव ऐकू येत आणि घावाघावाला वर ढगात कुणीतरी रडे. तो आवाज हौसा ओळखून होती.

ती महासागाकडं गेली. पडल्या खोडावर धनेश बसला होता. चोचीत उंबर. फुटक्या ढोलीच्या फटीशी फळांचा ढीग सुकून पडला होता, तरी त्यानं चोचीतलं उंबर त्यावर नीट ठेवलं.

हौसा म्हणाली, “पक्षीराजा, माझ्या माणसानं तुझं घर मोडलं. मला शाप दे, पण त्याला सोडव.”

धनेश म्हणाला, “शाप मी दिला नाही, बाई. बात पुसायची राहिली, एवढंच झालं.”

“आता पुसता येईल?”

“तीन ढलप्या आण. एक महासागाच्या बुंध्याची, एक त्याच्या जुन्या कुऱ्हाडीच्या दांड्याची, एक त्याच सागातून घडवलेल्या राजाच्या सिंहासनाची. त्याच्यासमोर विस्तवात टाक आणि तो शब्द म्हण. पण लवकर कर. डोंगरावरचा उंबर पडला की रान संपलं. मग बात कायमची खरी. आणि त्या उंबरात आमच्या कुळातली शेवटची मादी आहे.”

महासागाच्या बुंध्याखाली सोन्याचा हंडा उघडा पडला होता आणि त्यावर नाग वेटोळं घालून होता. लोभानं आलेले कितीजण भोवती दगड होऊन उभे होते. नाग म्हणाला, “सोनं ने.”

हौसा म्हणाली, “मला ढलपी हवी.”

“सोन्यानं दुसरा नवरा मिळेल.”

“मिळेल. बाता मारणारा नाही मिळायचा.”

नागानं फणा खाली केला. तिनं ढलपी उचलली.

जुनी कुऱ्हाड आटलेल्या नदीत चिखलाखाली गेली होती. तिथं एक कासव तोंड वासून पडलं होतं. हौसेपाशी भोपळ्यात घोटभर पाणी होतं, ते तिनं त्याच्या तोंडात ओतलं. कासवानं चिखल उकरला आणि दांडा वर आला. खेमाच्या मुठीची जागा घासून गुळगुळीत झाली होती. तिथलीच ढलपी तिनं काढली आणि मग रडली.

तिसरी राजवाड्यात होती. महासागाच्या सिंहासनाला मुळं फुटली होती. त्यांनी राजाच्या मांड्यांना वेढा घातला होता आणि छातीवर साल चढत होती. पाखरं हरवलेल्या राज्याचा राजा खुर्चीतच झाड होत चालला होता. भले! हौस फिटली.

“बाई, मला सोडव,” राजा म्हणाला.

“ढलपी द्या, महाराज. आणि खरं सांगा. त्या दिवशी तुम्हाला बात खरी वाटली होती?”

राजानं छातीवर चढणाऱ्या सालीकडं पाहिलं. मग म्हणाला, “त्या काटकुळ्याकडं बघून कुणाला खरी वाटेल? पण मला झाड हवं होतं.” त्यानं स्वतःच्या नखांनी सिंहासनाची ढलपी काढली. ती काढताना त्याचंच रक्त आलं.

हौसा मडक्यात निखारे घेऊन डोंगर चढली. सगळीकडं नुसते बुंधे. वर एकटा उंबर आणि त्यावर राज्यातली उरलीसुरली सगळी पाखरं दाटीनं बसलेली. समोर खेमा उभा होता. खांद्यावर अजस्र ओंडका होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

हौसेनं ढलप्या हातात घेतल्या आणि मग तिच्या ध्यानात आलं. बात पुसली की खेमा पहिल्यासारखा किडमिडा होईल. पण ओंडका खोटा नव्हता. तो आहे तसाच राहील आणि त्याच्यावर येईल.

ती ओरडली, “कारभारी! खांद्यावरचं खाली ठेवा!”

वरून आवाज आला. मेघ गडगडावा तसा, पण बोलणं तेच. “ठेवता येत नाही गं. मीच बोललो होतो ना, पुढचं झाड पडेपर्यंत ठेवत नाही म्हणून.”

“मग मी काय करू?”

“त्या दिवशी नाही केलंस, ते कर.”

“मी नाही करणार! मेले तरी नाही!”

खेमाचा हात वर गेला. तो त्याच्या ताब्यात नव्हता. पण घाव घालण्याआधी त्यानं दात खाऊन, सगळा जीव लावून पातं उलटं केलं आणि त्याच्या पाठीनं उंबराला ठोका दिला. वस्तीत देतात तसाच, हलका. आतून चोच वाजली.

“हौसे,” तो म्हणाला, “आत कुणीतरी आहे गं.”

पातं पुन्हा सरळ झालं आणि हात मागं गेला. हौसेनं मडकं खाली ठेवलं, तिन्ही ढलप्या निखाऱ्यांवर टाकल्या आणि घसा फाटेस्तोवर ओरडली, “खोटं! रानातलं रानात!”

पातं हवेतच विरलं. खेमा एवढासा झाला. त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि ती ढलपी टाके तेव्हा हसायचा तसाच हसला. मग ओंडका आला.

त्याच घडीला सिंहासनाची मुळं गळली आणि राजा उठला. दगड झालेली माणसं हलली. नदीत पाणी आलं. बुंध्याबुंध्याला कोंब फुटले. सगळं जिथल्या तिथं झालं. राजानं त्या उंबराला शेला वाहिला आणि राज्यात पुन्हा कुणी ठोक्याशिवाय झाड तोडलं नाही.

वस्तीनं ओंडका हलवून खेमाला बाहेर काढलं. लाकूडतोडे झाड पाडलं की बुंध्यावर हिरवी डहाळी ठेवून क्षमा मागतात. हौसेनं उंबराची डहाळी घेतली आणि त्याच्या छातीवर ठेवली. धनेशानं एक फळ आणून शेजारी ठेवलं.

पुढं रान वाढलं, शेकोट्या पेटल्या, हौसा म्हातारी झाली. पोरीबाळी तिला म्हणत, “आजी, खेमाची गोष्ट सांगा.” ती सांगे. दरबार, नाग, कासव, राजा, सगळं सांगे. शेवटी ओंडका आला की थांबे, विस्तवात ढलपी टाके आणि म्हणे, “खोटं! रानातलं रानात.”

मग रानाच्या वाटेकडं बघत बसे. ढलपी जळून जाई. वाटेवर कुणी येत नसे.

झाली गोष्ट. आता एकेक ढलपी टाका विस्तवात आणि म्हणा तुम्हीही. तेवढाच तिला आधार.